शास्त्रातील डॉक्टरेट आणि प्राध्यापकीबाहेरची वाट

देहूपासून तळवडे, चिखली, मोई, निघोजे, महाळुंगे या बाजूस जो टापू पसरला आहे, त्यात शेत आणि कारखाना एकाच बांधास येऊन भिडले आहेत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण अशा सर्व बाजूंनी जमिनी कारखान्यांकडे गेल्या. मोबदल्याच्या पैशातून कोणी बंगले बांधले, कोणी मोटारी घेतल्या, आणि काही घरांनी तो पैसा मुलांच्या शिक्षणात घातला. या शेवटच्या घरांतून हल्ली एक नवी चिंता कानी येऊ लागली आहे. मुलगा किंवा मुलगी रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, पुढे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गणेशखिंडीच्या विद्यापीठात किंवा राहुरीच्या कृषि विद्यापीठात डॉक्टरेटसाठी राहिली, चार वर्षे लोटली, पाचवे लागले. वडील विचारतात, "हे संपणार केव्हा, आणि संपल्यावर हाती काय येणार?" या प्रश्नाचा पहिला भाग मार्गदर्शकाने सोडवावयाचा आहे. दुसऱ्या भागाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम या पदवीचे स्वरूप ध्यानी घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरेटला कमीत कमी तीन वर्षे लागतात व सहा वर्षांत ती पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. ज्यांस राष्ट्रीय परीक्षेतून अधिछात्रवृत्ती मिळते, त्यांस १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे, असा हिशेब आहे. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांस पुण्याची सारथी, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस बार्टी व इतर मागासवर्गीयांस नागपूरची महाज्योती या संस्थाही संशोधनासाठी वृत्ती देतात. म्हणजे हा मुलगा घरी बसून खात नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगावयास हरकत नाही. परंतु ही वृत्ती मुदतीची आहे. मुदत संपली की हातात प्रबंध उरतो, वय तिशीला टेकते, आणि बरोबरीचा अभियंता मित्र आठ वर्षांपूर्वीच नोकरीस लागून घराचे हप्ते फेडीत असतो.

बहुतेक घरांची समजूत अशी की डॉक्टर झाला म्हणजे प्राध्यापक होणारच. ही समजूत निराधार होती असे नाही. एके काळी तसे घडतही होते. सांप्रत मात्र मान्य पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि त्यांवरचे काम तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मजुरीवर, करून घेतले जाते. शाळा-महाविद्यालयांना सुटी लागली की या अध्यापकाची मिळकतही सुटीवर जाते. त्यातच जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीस डॉक्टरेट अनिवार्य राहिलेली नाही. नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे एवढी किमान अट पुरे. ज्या खुर्चीकडे पाहून सहा वर्षे काढली, तिच्यासाठी ती पदवीच सक्तीची नाही असा हा विचित्र योग आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. काही ठिकाणी कायम नेमणुकीसाठी संस्थेस 'देणगी' द्यावी लागते अशी कुरकूर गावोगाव ऐकू येते, आणि त्यासाठी एखाद-दुसरा एकर विकावयास निघालेले बापही दिसतात. आमचे मत स्पष्ट आहे. बेकायदा व्यवहाराचा दोष बाजूला ठेवून केवळ शेतकऱ्याच्या हिशेबाने पाहिले तरी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. जमीन परत येत नाही, आणि ज्या विद्येस बाजारात दुसरीकडे मोल आहे, ती विद्या एकाच दाराशी पैसे देऊन उभी करणे हे शहाणपण नव्हे. लग्नाच्या बाजारात 'प्राध्यापक' या शब्दास वजन आहे म्हणून हा खटाटोप होत असेल, तर त्याबद्दल आम्ही काय बोलावे?

डॉक्टरेट ही मुळात शिकविण्याची पदवी नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही तो प्रश्न घ्यावा, त्याचे तुकडे पाडावेत, प्रयोग मांडावा, फसला तर का फसला ते शोधावे, आणि अखेरीस चार जाणत्या माणसांपुढे उत्तर सिद्ध करावे, याची ती उमेदवारी आहे. अशा माणसाचा उपयोग वर्गाबाहेर किती होतो, याचा पुरावा आपल्या ताटातच आहे. आपण इंद्रायणी भात पेरतो व खातो. हे वाण वडगाव मावळच्या कृषि संशोधन केंद्रावर आंबेमोहोर १५७ व आय.आर. ८ यांच्या संकरातून तयार होऊन १९८७ साली प्रसारित झाले. आंबेमोहोराचा वास राखावा आणि ताट मात्र लोळू नये, उतार वाढावा, हे काम व्याख्यानाने झाले नाही. ते पैदासकारांनी चिखलात उभे राहून पिढ्यामागून पिढ्या निवड करून केले. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण या जातींचीही कथा तीच. चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्यास ही नावे सांगावयास नकोत.

कारखान्याकडे वळल्यास दूर जावयाचे कारण नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलीन तयार करणे हा त्याचा मूळ हेतू. तेथील संशोधनाची धुरा एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती, आणि त्यांचा मूळ विषय बुरशी व वनस्पतींचे रोग हा होता. औषधाच्या कारखान्यात पिकांच्या रोगांचा पंडित कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु प्रतिजैविके निर्माण करणारे सूक्ष्मजीव मातीतच राहतात, आणि माती चाळून हवा तो जीव वेचून काढणे हे याच माणसाचे काम. त्यातून मनुष्याच्या बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन निघाले, आणि १९६४ च्या सुमारास ऑरिओफंगीन निघाले. हे दुसरे औषध थेट शेतीचे: लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या, भाताचा करपा यांवर ते वापरले गेले. आज त्या कारखान्याचा पूर्वीचा जोम राहिलेला नाही. तरी एका विषयात मुरलेला संशोधक दुसऱ्याच धंद्यात जाऊन केवढे काम करू शकतो, याचे हे उदाहरण आपल्या उंबऱ्याशी आहे.

केकी घरडा यांचे नाव तणनाशकाच्या डब्यामुळे पुष्कळांस ठाऊक असेल. मुंबईच्या रसायन तंत्रशास्त्र विभागात शिकून, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून, काही काळ अध्यापनही करून त्यांनी स्वतःचा रासायनिक कारखाना काढला. डोंबिवली व कोकणातील लोटे येथे त्याचा विस्तार झाला. गव्हातील तणावरचे आयसोप्रोट्यूरॉन हे औषध त्यांनी स्वतःच्या रीतीने स्वस्तात तयार केले, आणि त्याची किंमत उतरल्यामुळे उत्तरेकडील गहू पिकविणाऱ्यांच्या आवाक्यात ते आले. पुढे तेथील तण या औषधास दाद देईनासे झाले ही गोष्टही खरी. एकच औषध वर्षानुवर्षे मारीत राहिल्याचे ते फळ होते. घरडा यांस २०१६ साली पद्मश्री मिळाली व २०२४ साली ते निवर्तले. खडू खाली ठेवल्याने त्यांची विद्या वाया गेली, असे म्हणणारा कोणी भेटेल असे वाटत नाही.

फलटणची हकीकत मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती पूर्णपणे शेतकऱ्याच्या अंगणातली आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषि संशोधन संस्था काढली. त्यांची कन्या नंदिनी व जावई अनिल राजवंशी या दोघांनी अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली आणि १९८१ साली ती दोघे फलटणास येऊन राहिली. त्या काळी अमेरिकेत स्थिरावणे सोपे होते; फलटणास वीज किती तास राहील याचाही भरवसा नव्हता. नंदिनीबाईंनी करडईवर काम केले. राजवंशी यांनी गोड ज्वारीपासून मद्यार्क, त्यावर चालणारे दिवे व शेगड्या यांवर प्रयोग केले. त्यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली. दुसरी कन्या चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियात पशु-आनुवंशिकीत डॉक्टरेट केली व मेंढीचा प्रश्न हाती घेतला.

तो प्रश्न असा. दख्खनी मेंढी चिवट आहे, दुष्काळ सोसते, लांब चालते. पण बहुधा एका वेतास एकच कोकरू देते. धनगराचे उत्पन्न कोकरांवर, लोकरीस आता भाव नाही. बंगालात सुंदरबनाच्या बाजूस गारोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे. ती जुळी-तिळी देते, आणि हा गुण तिच्यातील एकाच जनुकामुळे येतो. तो जनुक दख्खनी मेंढीत उतरवावा, परंतु गारोळीचा खुजेपणा मात्र येऊ देऊ नये, असे हे काम. संकर करावयाचा, रक्त तपासून कोणत्या पिलात जनुक आला ते पाहावयाचे, पुन्हा दख्खनीशी संकर, पुन्हा तपासणी. अशा रीतीने 'नारी सुवर्णा' ही जात तयार झाली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जुळी कोकरे झाली तर आईचे दूध दोघांस पुरते काय, चाऱ्याचा जादा खर्च निघतो काय, हे धनगरांच्या वाड्यांवर जाऊन पाहिले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट कळपात सिद्ध होतेच असे नाही, हे ज्यास कळले तोच शेतकऱ्याच्या कामाचा डॉक्टर. विद्यापीठात राहून चंदाबाईंनी कदाचित अधिक निबंध लिहिले असते; दर वेतास दोन कोकरे मोजणारा धनगर ते निबंध वाचावयास आला नसता.

आता आजच्या जागांकडे येऊ. येथे एक भ्रम दूर करावयास हवा. चाकणला एवढे कारखाने, मग आमच्या रसायनाच्या डॉक्टरास जागा का नाही, असे वडीलमंडळी विचारतात. चाकणचे कारखाने मुख्यत्वे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे आहेत. त्यांस अभियंते व कुशल कारागीर लागतात. शास्त्राचा डॉक्टर लागलाच तर रंग, रबर, चिकटद्रव्ये किंवा विजेऱ्या यांच्या कामापुरता. घराजवळ धूर दिसतो म्हणून तेथे आपल्या मुलाची चूल पेटेल असे नव्हे. त्याच्या विद्येची गिऱ्हाइके बाजूला पसरलेली आहेत. हडपसरला सायरस पूनावाला यांनी घोड्यांच्या पागेच्या जोडीने १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. लस करण्याच्या कामास सूक्ष्मजीव व जीवरसायन जाणणारे लागतात. लोणावळ्याजवळ मायलॅब या कंपनीने करोनाच्या तपासणीचा देशी संच तयार केला व त्यास मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली. उसापासून इथेनॉल काढण्याची यंत्रसामग्री करणाऱ्या प्राज या पुण्याच्या कंपनीची स्वतःची संशोधनशाळा आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून ऊस पिकविणाऱ्यांच्याच पैशावर उभी आहे. जालन्यास बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. स्वतः संशोधक नसूनही त्यांनी संशोधकांस हाताशी धरले, आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जळगावचे ऊतिसंवर्धित केळीचे रोप तर आता खानदेशाबाहेरही सर्वत्र गेले आहे. ते रोप बाटलीत वाढविणाराही शास्त्राचाच पदवीधर.

एका धंद्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष विशेष वेधावेसे वाटते, तो म्हणजे अवशेष-तपासणीचा. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागाईतदार ज्यास लिहोसिन म्हणतात त्याचा, अंश सापडला आणि माल बंदरात अडकला. नाशिक-सांगलीकडील किती बागाईतदार त्यात खोल गेले, हे त्या भागातील वाचकांस ठाऊक आहे. मर्यादा किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशांत मोजावयाची. ती मोजणारे यंत्र लाखो रुपयांचे, आणि यंत्राने दिलेला आकडा खरा की खोटा हे ठरविणारा माणूस यंत्राहून महाग. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात व खासगी तपासणीशाळांत असे रसायनज्ञ लागतात. शेतमालाची निर्यात जोवर आहे तोवर हे काम आटणार नाही. पाण्याचेही तसेच. आळंदीस इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहतो. हा फेस कोठून येतो हे नमुने घेऊन, आकडे मांडून, न्यायालयात टिकेल अशा रीतीने सांगणारी माणसे प्रदूषण नियंत्रण मंडळास, पालिकेस व खुद्द कारखान्यांसही हवी आहेत.

पेटंटचा धंदा आपल्याकडे फार थोड्यांस माहीत आहे. १९७० च्या पेटंट कायद्यान्वये एकवीस वर्षांवरील कोणाही भारतीय विज्ञान पदवीधरास सरकारी परीक्षा देऊन पेटंट एजंट होता येते. वकिलीची सनद लागत नाही. शोध नवा आहे की जुनाच, याचा शोध जुन्या कागदपत्रांत घ्यावयाचा व त्याचे वर्णन कायद्याच्या भाषेत बांधावयाचे. ज्याचे हात प्रयोगात रमत नाहीत पण वाचन बारीक आहे, त्यास हे काम मानवते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास स्वतः निवडलेल्या वाणाचीही नोंदणी करता येते. अशा अर्जाची भाषा व लक्षणांचे तक्ते जमविणारा माणूस गावात असेल, तर त्याचा आपल्यालाही उपयोग आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग अडचण ती कोणती? अडचण तयारीची आहे. प्रबंध सादर झाल्यावर नोकरी शोधू म्हणणारा, पाऊस पडून गेल्यावर नांगर जोडणाऱ्यासारखा आहे. आमच्या मते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दोन-तीन महिने एखाद्या कारखान्यात, बियाणे कंपनीत किंवा तपासणीशाळेत उमेदवारी करावी. काही मार्गदर्शकांस हे रुचत नाही. विद्यार्थी गेला तर प्रयोग अडतो हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तथापि, विद्यार्थ्याचे पुढचे तीस वर्षांचे पोट त्या दोन महिन्यांवर अवलंबून असू शकते, एवढे अदबीने सांगून परवानगी मागण्यास हरकत नसावी. आपल्याच प्रयोगशाळेतून पूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सहा जणांस गाठून त्यांचा दिवस कसा जातो हे विचारावे. नोकरीची जाहिरात सांगत नाही अशा गोष्टी तेथे कळतात.

अर्ज लिहिण्याचीही रीत निराळी आहे. विद्यापीठाकडील अर्ज दहा पानांचा असतो व त्यात निबंधांची यादी असते. कारखान्याचा अधिकारी एका पानापलीकडे वाचीत नाही. 'अमुक संयुगाच्या रचनेचा सखोल अभ्यास' या वाक्याने त्यास काहीच कळत नाही. तोच मुलगा जर लिहील की अमुक यंत्र चार वर्षे चालविले, बिघडल्यावर स्वतः उघडून दुरुस्त केले, इतके नमुने इतक्या दिवसांत तपासले, रसायनांची खरेदी व हिशेब ठेवला, दोन नवशिक्यांस तयार केले, तर त्याची किंमत चटकन कळते. ही सर्व कामे त्याने केलेलीच असतात. ती सांगण्याजोगी आहेत हे त्यास कोणी सांगितलेले नसते. आम्हांस तर असे वाटते की घरच्या शेतावर मजुरांची पाळी लावली, पाण्याची बारी सांभाळली, हेही लिहावे. चार माणसांकडून काम करून घेता येते, याची ती खूणच आहे.

बाहेरच्या कामाचे काटेही सांगितले पाहिजेत. कारखान्यात लावलेला शोध मालकाचा. तो छापून आपले नाव करावयाची मुभा बहुधा नसते. दोन वर्षे केलेले काम बाजार फिरला म्हणून एका दिवसात बंद पडते. कित्येक ठिकाणी डॉक्टराऐवजी एम.एस्सी. झालेला तरुण स्वस्तात मिळतो म्हणून तोच पसंत होतो, आणि तिशीतील डॉक्टरास आपल्याहून लहान वरिष्ठाच्या हाताखाली आरंभ करावा लागतो. ज्यास शिकविण्याचीच खरी ओढ आहे, त्याने हे सारे सोसून बाहेर जाऊ नये. नेट-सेट उत्तीर्ण होऊन, दोन-तीन वर्षांची मुदत स्वतःस घालून, त्याने प्राध्यापकीचा प्रयत्न अवश्य करावा. मुदत न घालता तासिकांवर दहा वर्षे काढणे मात्र आम्हांस पटत नाही.

स्वतःचा धंदा काढण्याची ज्यास हिंमत आहे, त्यास पूर्वी भांडवलाअभावी परत फिरावे लागे. आता केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था जैवतंत्राच्या नव्या कल्पनेस पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. मुदत अठरा महिन्यांची. हे कर्ज नव्हे. परंतु कल्पना प्रयोगाने सिद्ध करून दाखविण्यासाठीच तो पैसा आहे, जागा विकत घेण्यासाठी नव्हे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर चालू आहे. तेथे नव्या उद्योजकास भाड्याने प्रयोगशाळेची जागा, यंत्रे व पेटंटविषयक सल्ला मिळतो. जैविक कीडनाशक, मातीची झटपट तपासणी, काढणीनंतर माल टिकविण्याचे लेप असे विषय ज्यांच्या प्रबंधात आहेत, त्यांनी प्रबंध संपण्याच्या आधीच तेथे एक फेरी मारून यावी. प्रयोगास शेत लागते, आणि ते घरचेच असल्याचा फायदा शहरातील मुलास नाही.

मुलींविषयी दोन शब्द निराळे. संशोधनाच्या मध्यावरच घरात लग्नाची घाई सुरू होते व प्रबंध अर्धवट राहतो, असे आम्ही वारंवार पाहतो. नियमांनी स्त्रियांस डॉक्टरेटसाठी दोन वर्षे जादा दिलेली आहेत. बाळंतपणासाठी रजेचीही तरतूद आहे. सासरकडील बोलणी करताना ही गोष्ट आधीच काढावी; साखरपुड्यानंतर काढल्यास ती अट वाटते, आधी काढल्यास ती माहिती असते. पेटंटचे, तपासणीशाळेच्या गुणवत्तेच्या नोंदींचे व शास्त्रीय लेखनाचे पुष्कळसे काम ठरावीक वेळेत किंवा घरी बसूनही करता येते, आणि पुण्यात राहून ते मिळते. तेव्हा, देहू-आळंदीच्या घरातून निघालेल्या मुलीस त्यासाठी गाव सोडावे लागेलच असे नाही.